विरघळणारी खुंटी किती दिवस धरते?

आजचा भाग एका स्टिकरपासून सुरू करते.

माझ्या मावसभावाचा, म्हणजे आमच्या दादाचा, खांदा कबड्डी खेळताना निखळला. पहिल्यांदा नाही, तिसऱ्यांदा. शेवटी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. घरी येताना जी फाईल मिळाली, तिच्यात एका पानावर तीन छोटे स्टिकर चिकटवलेले होते. प्रत्येकावर बारकोड, माप, आणि खाली बारीक अक्षरांत एका पदार्थाचं लांबलचक नाव. डॉक्टर म्हणाले होते, "आत तीन विरघळणारे अँकर टाकलेत. काढायला पुन्हा ऑपरेशन लागणार नाही."

दादा खूश. पण दोन दिवसांत कुरकुर सुरू. "अँकर बसलाय ना आत? मग सहा आठवडे हा पट्टा गळ्यात कशाला?" आणि मावशीची काळजी बरोबर उलटी. ती मला स्वयंपाकघरात गाठून हळूच म्हणाली, "अगं, विरघळणार म्हणजे? विरघळला की खांदा परत निसटायचा नाही ना?"

आता बघा, हे दोन साधे प्रश्न आहेत. बसवल्या दिवशी ती वस्तू किती मजबूत असते? आणि ती मजबुती किती दिवस टिकते? सर्जन, रसायनशास्त्रज्ञ आणि इंजिनियर मंडळींनी दीडशे वर्षं याच दोन प्रश्नांवर घालवली आहेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लवकर मिळालं. दुसऱ्यानं भल्याभल्यांना दमवलं. आज त्याचीच गोष्ट.

सेंटरिंग कधी काढायचं?

आधी अडचण काय आहे ते समजून घेऊ. आपले स्नायू हाडाला थेट चिकटलेले नसतात. मध्ये टेंडन असतं, पांढरी, चिवट दोरी. हाडाला हाड बांधणारी दोरी म्हणजे लिगामेंट. खांद्याच्या खोबणीला कडेने एक मऊसर कठडा असतो, त्याला लॅब्रम म्हणतात. अशी एखादी गोष्ट हाडापासून उखडली, तर ती परत जागेवर नेऊन हाडाला टेकवून ठेवावी लागते. बाकीचं काम शरीर करतं. हळूहळू नवीन तंतू तयार होतात, ते हाडात घुसतात आणि जोड पक्का होतो.

तोवर धरून कोण ठेवणार?

तुम्ही स्लॅब पडताना पाहिलाच असेल. खाली लाकडाच्या, लोखंडाच्या टेकूंचं सेंटरिंग उभं करतात. वर काँक्रीट ओततात. काँक्रीट स्वतःचं वजन पेलण्याइतकं घट्ट होईपर्यंत सेंटरिंग हलवायचं नाही. घाई केली तर स्लॅब खाली. आणि काँक्रीट पिकल्यावर मात्र ते टेकू तिथे नुसती अडचण असतात.

आता कल्पना करा की सेंटरिंग आपोआप विरघळणारं आहे. कोणी येऊन काढायची गरज नाही. सोय चांगली आहे, पण मग ते किती वेगाने विरघळतं, यावर सगळा खेळ. काँक्रीटच्या आधी टेकू गेला तर सत्यानाश. आणि टेकूचा चोथा वर्षानुवर्षं पडून राहिला तर तीही डोकेदुखीच. आजची सगळी गोष्ट या एका चित्रात आहे. ते डोक्यात ठेवा.

पिंजाऱ्याची तात आणि लिस्टरचं वासरू

विरघळणारा धागा ही नवी कल्पना नाही. सुश्रुतसंहितेत आतड्याच्या जखमेच्या कडा जुळवून तिथे मोठ्या काळ्या मुंग्यांना चावायला लावायचं आणि मग त्यांचं धड तोडून टाकायचं, असा उपाय आहे. डोकं तिथेच राहतं, टाक्यासारखं. दुसऱ्या शतकात पर्गमम इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, ग्लॅडिएटरांवर उपचार करणारा गॅलेन हा वैद्य प्राण्यांच्या आतड्यांपासून केलेल्या धाग्याबद्दल लिहितो.

हा धागा आपल्याकडेही ओळखीचा आहे. त्याला तात म्हणतात. गाद्यांचा कापूस पिंजायला पिंजारी यायचा, त्याच्या धनुकलीवर टणटण वाजायची तीच ती. इंग्रजीत तिला कॅटगट म्हणतात, पण मांजराचा काही संबंध नाही. ती बहुतेक मेंढीच्या आतड्याची असते.

ही तात शास्त्रीय पद्धतीने शरीरात वापरायला सुरुवात केली जोसेफ लिस्टर यांनी. हो, जखमा कार्बोलिक ॲसिडने धुवा असं सांगणारे तेच लिस्टर. त्या काळी मोठी रक्तवाहिनी रेशमाच्या दोऱ्याने बांधायचे आणि दोऱ्याची टोकं जखमेबाहेर लोंबत ठेवायचे. दोरा आत कुजायचा, पू व्हायचा, आणि टोक ओढून काढताना कधी कधी पुन्हा रक्तस्राव सुरू व्हायचा. लिस्टर यांना असा धागा हवा होता की जो आत ठेवून जखम बंद करून टाकता येईल.

३१ डिसेंबर १८६८ ला त्यांनी एका वासराच्या मानेतली मोठी रक्तवाहिनी कार्बोलिकमध्ये भिजवलेल्या प्राणिज धाग्यांनी बांधली. त्यात तातही होती. महिन्याभराने तपासलं, तर पू नाही, काही नाही. धाग्याच्या जागी जिवंत ऊतींची पट्टी तयार झालेली दिसली. १८६९ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि सर्जन मंडळींना नवा मार्ग दिसला.

पण लवकरच तक्रारी आल्या. ताजी तात शरीरात गेली की मऊ, बुळबुळीत व्हायची. गाठ सैल पडायची. काही रुग्णांत ती फारच लवकर हार मानायची. मग लिस्टर यांनी चामडं कमावतात तशी तात क्रोमिक ॲसिडने कमावली आणि १८८१ मध्ये त्याबद्दल भाषण दिलं. साधी तात साधारण आठवडा-दहा दिवस ताकद धरते, कमावलेली दोन ते तीन आठवडे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. लिस्टर यांनी धागा जास्त मजबूत केला असं म्हणण्यापेक्षा त्याचं घड्याळ मंद केलं, असं म्हणायला हवं. पुढची सगळी धडपड याच घड्याळाची.

हे घड्याळ चुकलं तर काय होतं, त्याचं एक जबरदस्त उदाहरण १९०७ चं आहे. बेल्जियमचे सर्जन अल्बाँ लांबोत यांनी एका १७ वर्षांच्या मुलाच्या मोडलेल्या पायात शुद्ध मॅग्नेशियमची पट्टी बसवली, सोनं चढवलेल्या पोलादी खिळ्यांनी. धातू आहे, म्हणजे बसवताना मजबुतीचा प्रश्नच नव्हता. पण दोन वेगळे धातू आणि मध्ये शरीरातलं खारट पाणी म्हणजे बॅटरीच झाली. ८ दिवसांत पट्टीचा भुगा झाला आणि कातडीखाली हायड्रोजन वायूचे फुगे जमले. हाड जुळायला लागतात आठवडे. टेकू मात्र आठव्या दिवशीच गेला.

भोकं, दोरे आणि सुटलेले स्क्रू

आता खांद्याकडे वळू. लंडनचे सर्जन आर्थर ब्लंडेल बँकार्ट यांनी १९२३ मध्ये सांगितलं की वारंवार निखळणाऱ्या खांद्यात खरी बिघडलेली गोष्ट म्हणजे खोबणीच्या पुढच्या कडेपासून सुटलेला तो कठडा. तो परत हाडाला शिवा, खांदा स्थिर होईल. आजही डॉक्टर "बँकार्ट रिपेअर" म्हणतात ते त्यामुळे. दादाचं झालं तेही हेच.

पण शिवायचं कसं? हाडाच्या कडेला भोकं पाडायची आणि त्यातून दोरा ओवायचा. खांद्याची खोबण खोल, जागा अरुंद, भोकं वाकडी. सर्जनचा घाम निघायचा. साहजिकच लोक सोप्या वाटेला गेले, धातूचा स्क्रू किंवा स्टेपल. ठोकला की झालं.

झालं नाही. १९८४ मध्ये झुकरमन आणि मॅट्सन या दोन अमेरिकी सर्जननी असे ३७ रुग्ण नोंदवले, ज्यांच्या खांद्यात स्क्रू किंवा स्टेपलनेच घोळ केला होता. कुठे तो सैल झाला, कुठे सरकला, कुठे मोडला. सांध्याच्या आतली कूर्चा आरशासारखी गुळगुळीत असते. तिच्यावर धातूचं टोक घासत राहिलं तर काय होईल सांगायला नको.

त्याच सुमारास दुर्बिणीची शस्त्रक्रिया जोर धरत होती. टोकियोच्या मासाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये दुर्बिणीतून गुडघ्यातल्या गादीची पहिली शस्त्रक्रिया केली होती. ते तंत्र खांद्यापर्यंत पोचलं. पण पेन्सिलीएवढ्या नळीतून हाडाला आडवी भोकं पाडून दोरा ओवायचा म्हणजे बाटलीत हात न घालता आतलं कापड शिवण्यासारखं. म्हणून १९८०च्या दशकात अँकर आले. भिंतीत स्क्रू बसवायच्या आधी सुतार प्लास्टिकची गिट्टी ठोकतो ना? तशी ही हाडात बसणारी छोटी खुंटी. तिच्या नेढ्यात दोरा आधीच ओवलेला. खुंटी हाडात रुतवायची, दोऱ्याने कठडा आवळून बांधायचा.

पहिल्या खुंट्या धातूच्या होत्या. चांगल्या धरायच्या. पण धातू तो धातूच. सैल झाला तर पुन्हा तीच भीती. एमआरआय काढला तर धातूच्या आजूबाजूचं चित्र खराब. म्हणून सगळ्यांच्या मनात एकच आलं. काम झाल्यावर निघून जाणारी खुंटी मिळाली तर?

कपड्याला नालायक, शरीराला लायक

तसा पदार्थ तोवर तयार होता. त्याची गोष्ट मजेशीर आहे.

१९३० च्या आसपास अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोथर्स हे रसायनशास्त्रज्ञ कृत्रिम धागा शोधत होते. पुढे त्यांनी नायलॉन शोधलं. त्याआधी, १९३२ मध्ये, त्यांच्या गटाने लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक ॲसिडपासून बनणाऱ्या लांब साखळ्यांवरही काम प्रसिद्ध केलं. लॅक्टिक ॲसिड म्हणजे दह्याला आंबटपणा देणारं तेच. पण या साखळ्यांना पाण्याचा त्रास. ओलाव्याने त्या तुटत जातात. धुतल्यावर झिजणारा शर्ट कोण घालणार? कपड्याच्या हिशोबाने माल निकामी.

जवळपास तीस वर्षांनी कोणाच्या तरी लक्षात आलं की शर्टाचा दोष हा टाक्याचा गुण आहे. अमेरिकन सायनामिड या कंपनीतल्या एडवर्ड श्मिट आणि रोको पोलिस्टिना यांना १९६७ मध्ये पॉलिग्लायकॉलिक ॲसिडच्या शस्त्रक्रियेच्या धाग्याचं पेटंट मिळालं. १९७० च्या सुमारास तो डेक्सॉन नावाने बाजारात आला. पहिला कृत्रिम विरघळणारा टाका.

आणि मंडळी, याच काळातला एक निबंध शोधताना मी एका नावापाशी थबकले. १९६६, 'आर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी' हे अमेरिकी नियतकालिक, विषय शरीरात बसवायच्या वस्तूंसाठी पॉलिलॅक्टिक ॲसिड. पहिल्या लेखकाचं नाव, आर. के. कुलकर्णी. काम झालं होतं अमेरिकी सैन्याच्या संशोधन प्रयोगशाळेत. त्यांनी हा पदार्थ गिनीपिग आणि उंदरांच्या शरीरात ठेवून पाहिला. ऊतींनी तो सहन केला आणि तो सावकाश विरघळत गेला. आज जगभर पॉलिलॅक्टिकचे स्क्रू आणि खुंट्या वापरतात, त्यांच्या वंशावळीत अगदी वरच्या फांदीवर हा निबंध बसतो. आडनाव वाचून जरा छाती फुगली, खोटं कशाला बोलू!

आता शास्त्राचा एक मुद्दा, आजच्या भागातला सगळ्यात महत्त्वाचा. हा पदार्थ साबणाच्या वडीसारखा बाहेरून आत झिजत नाही. पाणी आतपर्यंत शिरतं आणि लांब साखळ्या जागोजागी कापतं. सुताची जाड दोरी घ्या आणि आतले धागे कुठे कुठे ब्लेडने कापा. दोरीची लांबी तीच, वजनही तेच. दिसायला चकाचक. पण बादली लावली की तट्कन तुटेल. अगदी तसंच. ताकद आधी जाते, पदार्थ नंतर जातो.

म्हणजे "विरघळायला सहा महिने लागतात" हे वाक्य ऐकून "म्हणजे सहा महिने धरतो" असं समजायचं नाही. पॉलिग्लायकॉलिकच्या टाक्याची ताकद साधारण चार आठवड्यांत संपते, पण धागा पुरता नाहीसा व्हायला दोन ते तीन महिने लागतात. पॉलिडायॉक्सॅनोन हा १९८०च्या दशकातला धागा चौथ्या आठवड्यात साधारण निम्मी ताकद राखतो आणि पूर्ण जायला सहा महिन्यांच्या आसपास घेतो. म्हणजे प्रत्येक पदार्थाची दोन घड्याळं असतात. रुग्णाला दुसरं सांगतात. खांद्याला मात्र पहिल्याशी मतलब.

फिनलंडचा प्रयोग

टाका झाला, पण खुंटी करायची तर पदार्थ कडक हवा. तो प्रश्न सोडवला फिनलंडने. तांपेरेचे इंजिनियर पेर्ती त्यर्माला आणि हेलसिंकीचे सर्जन पेंती रोक्कानेन अशी जोडी जमली. त्यर्माला यांची युक्ती छान होती. काँक्रीटमध्ये सळ्या टाकतो तसे पॉलिग्लायकॉलिकच्या कांडीत धागे भरायचे, पण धागेही पॉलिग्लायकॉलिकचेच. सळई आणि काँक्रीट एकाच जातीचं. अशी कांडी साध्या साच्यातल्या कांडीपेक्षा पुष्कळ मजबूत निघाली. १९८४ मध्ये त्यांनी विरघळणारी कांडी माणसाच्या मोडलेल्या घोट्यात पहिल्यांदा बसवली आणि १९८५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. धातू नाही, दुसरं ऑपरेशन नाही.

पण काही रुग्ण परत आले. जखम भरून गेल्यावर काही आठवड्यांनी त्या जागी सूज, आणि कधी कधी कातडीतून पातळ द्रव बाहेर. तपासलं तर जंतू नाहीत. मग काय? पॉलिग्लायकॉलिक इतक्या घाईने मोडत होतं की त्याचा कचरा उचलायला शरीर पुरं पडत नव्हतं.

फिनिश मंडळींचं कौतुक यासाठी की त्यांनी हे झाकलं नाही. उलट वर्षानुवर्षं मोजत राहिले. २००० मध्ये ओले बोस्टमन आणि हारी पिहलायामाकी यांनी २,५२८ रुग्णांचा हिशोब मांडला. १०८ जणांना अशी प्रतिक्रिया आली होती. त्यातले १०७ पॉलिग्लायकॉलिकच्या २,०३७ रुग्णांपैकी, आणि सरासरी ११ आठवड्यांनी. पॉलिलॅक्टिकच्या ४९१ रुग्णांत फक्त एक, तोही ४ वर्षांहून जास्त काळाने. लवकर मोडणारा पदार्थ लवकर त्रास देतो, सावकाश मोडणारा सावकाश.

चार आठवडे विरुद्ध बारा आठवडे

खांद्यासाठी पहिली गाजलेली विरघळणारी वस्तू न्यूयॉर्कच्या रसेल वॉरन यांच्या नावाशी जोडलेली आहे. १९९० च्या आसपास आलेला सुरेटॅक. टाचणीसारखा, रुंद डोक्याचा. कठडा हाडाला टेकवायचा आणि वरून टॅक ठोकायचा. दोरा नाही, गाठ नाही. पदार्थ पॉलिग्लायकोनेट, म्हणजे ग्लायकॉलिकच्याच घराण्यातला. ताकद साधारण चार आठवड्यांत संपणारा.

१९९६ मध्ये ५२ रुग्णांचे निष्कर्ष आले. ४१ जण तक्रारीविना खेळात परतले. ११ जणांत, म्हणजे २१ टक्क्यांत, दुरुस्ती फसली. आता सगळा दोष त्या टॅकचा होता असं नाही. रुग्ण कोणता निवडला, पुन्हा मार लागला का, कितीतरी कारणं असतात. पण एक प्रश्न टाळता येत नव्हता. चार आठवड्यांत जोड पक्का होतो का?

त्याचं उत्तर त्याच शहरातून, १९९३ मध्ये आलं होतं. स्कॉट रोडिओ आणि सहकाऱ्यांनी २० कुत्र्यांच्या हाडात बोगदा पाडून त्यात टेंडन बसवलं. मग २, ४, ८, १२ आणि २६ आठवड्यांनी ते यंत्राने ओढून पाहिलं. आठव्या आठवड्यापर्यंत प्रत्येक वेळी टेंडन बोगद्यातून निसटून आलं. बाराव्या आठवड्यापासून मात्र चित्र पालटलं. टेंडन मध्येच तुटलं किंवा यंत्राच्या पकडीतून सुटलं, पण हाडाने सोडलं नाही.

माणूस म्हणजे कुत्रा नव्हे आणि खांद्याचा कठडा म्हणजे बोगद्यातलं टेंडन नव्हे. तरीही हे आकडे शेजारी ठेवा. टेकूची ताकद चार आठवडे. जोड पिकायला आठ ते बारा. सेंटरिंग काढल्यावर स्लॅब ओला निघाला तर काय, ते तुम्हीच सांगा.

दुबळी कडी कुठली?

मग सगळे मोजमापाच्या मागे लागले. टेक्सासचे ॲलन बार्बर यांनी १९९०च्या दशकापासून बाजारातल्या खुंट्या डुकराच्या हाडात बसवून यंत्राने ओढून तोडायचा सपाटाच लावला. कुठली किती जोराला सुटते आणि काय तुटतं? खुंटी हाडातून उपटते, नेढं फाटतं, की दोरा तुटतो? विरघळणाऱ्या खुंट्यांत नेढं ही नाजूक जागा ठरू शकते, हे अशाच चाचण्यांतून कळलं.

पण ही पहिल्या दिवसाची ताकद. म्हणून प्रयोगशाळेत दुसरी पद्धतही वापरतात. खुंटी ३७ अंश तापमानाच्या खारट द्रावणात, म्हणजे शरीरासारख्या वातावरणात बुडवून ठेवायची आणि दर काही आठवड्यांनी एकेक काढून ओढायची. मग ताकद कशी उतरत जाते त्याचा आलेख मिळतो. खरेदी करणाऱ्याने पाहावा तो हा आलेख.

दुसरं एक काम मला फार आवडतं. १९९४ मध्ये क्रिस्टियन गेर्बर आणि सहकाऱ्यांनी खांद्याच्या टेंडनच्या दुरुस्तीतली प्रत्येक कडी वेगळी तपासली. मेंढ्यांच्या १५९ टेंडनवर नऊ प्रकारचे टाके घातले. दोन साधे टाके १८४ न्यूटनला सुटले. न्यूटन म्हणजे काय, तर ढोबळमानाने दहा न्यूटनला एक किलो वजन धरा. म्हणजे अठरा-एकोणीस किलो. टाका घालायची पद्धत बदलली, तर तेच दोन टाके ३५९ न्यूटनपर्यंत टिकले. दोऱ्यांची गंमत अशी की पॉलिडायॉक्सॅनोनसारखे धागे तुटायला जास्त जोर लागायचा, पण मध्यम ओढीतच ते ताणले जायचे. दोरा शाबूत, पण हाड आणि टेंडनमध्ये फट. आणि फट पडली की जोड जुळणार कसा?

शेवटी त्यांनी ठिसूळ हाडं घेतली, वय झालेल्या माणसाची असतात तशी. तिथे भोकातून ओवलेला दोरा असो की अँकर, १४० न्यूटनच्या आसपास हाडानेच हार मानली. चौदा किलो! घरच्या सिलिंडरमध्ये भरलेल्या गॅसचं वजन तेवढंच असतं. खुंटी कितीही भारी आणा, भिंत भुसभुशीत असेल तर खिळा निघणारच.

गुडघ्यातही हाच धडा. तरुण माणसाचं एसीएल लिगामेंट २,१६० न्यूटनच्या आसपास तुटतं, असं सॅव्हियो वू यांच्या गटाने १९९१ मध्ये मोजलं. त्याच्या जागी बसवलेली टेंडनची दोरी पुरेशी दणकट असते. पण जपानी सर्जन मासाहिरो कुरोसाका यांनी १९८७ मध्ये दाखवलं की सुरुवातीच्या काळात दोरी तुटत नाही, ती जिथे हाडात अडकवली आहे ती जागा सुटते. रोजच्या हालचालींत या लिगामेंटवर साडेचारशे न्यूटनच्या आसपास ताण येत असावा, असा फ्रँक नॉयेस यांच्या गटाचा १९८४ चा अंदाज आहे. म्हणजे पहिले काही आठवडे सगळा भार त्या स्क्रूच्या पकडीवर.

मग जाऊच नये का?

घाईचा टेकू नको म्हणून कंपन्या पॉलिलॅक्टिककडे वळल्या. त्याची ताकद कित्येक महिने टिकते. पण लंबक दुसऱ्या टोकाला गेला. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन इथे गालाच्या हाडासाठी पॉलिलॅक्टिकच्या पट्ट्या बसवलेल्या रुग्णांना तीन वर्षांनी सूज यायला लागली. पाच वर्षं उलटली तरी आत त्याचे स्फटिकासारखे कण शिल्लक होते. "विरघळणारा" हा शब्द किती ताणायचा? खांद्यात आणि गुडघ्यातही खुंटी गेल्यावर तिची जागा दर वेळी हाडाने भरत नाही, कधी पोकळी राहते, असं पुढे स्कॅनमध्ये दिसू लागलं.

म्हणून आता मिश्रणं करतात. लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक यांचं प्रमाण बदलून घड्याळ जुळवायचं. त्यात कॅल्शियम फॉस्फेट मिसळायचं, म्हणजे हाडाला आत शिरायला वाट मिळते. दादाच्या स्टिकरवर बारीक अक्षरांत लिहिलेलं नाव अशाच एका मिश्रणाचं होतं. दुसरीकडे काही सर्जन विरघळण्याचा नादच सोडून पीक नावाच्या न विरघळणाऱ्या प्लास्टिकच्या किंवा नुसत्या दोऱ्याच्याच बनवलेल्या खुंट्या वापरतात. शर्यत संपलेली नाही.

पट्ट्याचं उत्तर

तर दादाला मी हे सगळं सांगितलं. इतकं लांब नाही, कांदे पोहे खाता खाता.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर असं. अँकर आज मजबूत आहे, पण ती मजबुती उतरणीला लागलेली आहे. जोड आज कच्चा आहे, पण तो चढणीला लागलाय. मध्ये काही आठवडे असे येतात की दोन्ही मिळून जेमतेम भार उचलतात. गळ्यातला पट्टा त्या आठवड्यांसाठी आहे. फिजिओथेरपिस्ट हात अमुक अंशापर्यंतच उचलू देते, वजन तमुक महिन्यानंतरच देते, ते यामुळेच. दुखायचं थांबलं म्हणजे जोड पिकला असं नाही.

आणि मावशीचं उत्तर? सगळं ठरल्याप्रमाणे झालं, तर विरघळला तरी काही बिघडत नाही, कारण तोवर खांदा त्याच्यावर अवलंबून राहिलेला नसतो. सेंटरिंग निघालं म्हणून घर पडत नाही.

तुमच्यापैकी कोणाचं किंवा घरात कोणाचं असं ऑपरेशन ठरलं असेल, तर डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचारा. अँकर कशाचा आहे? त्याची ताकद किती आठवडे टिकते? आणि तोवर मी काय काय करायचं नाही? स्टिकरचं पानही जपून ठेवा. उद्या एमआरआय काढायची वेळ आली, तर ते पहिलं लागतं.

दादाने सहा आठवडे पट्टा लावला. कुरकुरत, पण लावला. मैदानावर अजून गेला नाही, कडेला बसून शिट्ट्या मारतो. गावातल्या पोरांना सांगतो म्हणे, "माझ्या खांद्यात दह्याचा स्क्रू आहे."

चुकीचं नाही हो! भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.